दिव्यांग पेन्शन चालू असताना नवा आजार निघाला, तर कुणाला काय कळवायचं?

तीन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझा डावा डोळा झाकला, उजव्यासमोर हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?" समोर काहीतरी हलतंय एवढं कळत होतं, बोटं काही दिसत नव्हती. काचबिंदू, तोही उशिरा सापडलेला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र मनात डोळा नव्हता, तहसील कचेरी होती. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, त्याचं ४५ टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि त्यावर दर महिन्याला येणारे संजय गांधी निराधारचे पैसे. आता हे नवं तिथे सांगायचं का? सांगितलं तर पैसे वाढतील की बंद पडतील? नाही सांगितलं तर उद्या कुणी लपवलं म्हणेल का?

चहाच्या टपरीवर एकाने हिशेब करून दिला, "पंचेचाळीस आणि डोळ्याचे तीस, झाले पंच्याहत्तर. मजा आहे तुझी." झेरॉक्सवाला म्हणाला, "गप बस दादा, आहे तेही जाईल." पहिला साफ चुकला. दुसरा थोडाफार बरोबर होता, ते पुढे येईलच. मला आठ फेऱ्या पडल्या. त्यातल्या पाच वाचल्या असत्या, म्हणून हे लिहितोय. यातलं सगळं महाराष्ट्रातलं आहे; केंद्राचे नियम जिथे येतात तिथे तसं सांगितलंय.

पायरी १ : निदान आणि दिव्यांगत्व यांची गल्लत करू नका

डॉक्टर कागदावर लिहितात ते आजाराचं नाव. बोर्ड, म्हणजे सरकारी रुग्णालयातलं दिव्यांगत्व तपासणारं डॉक्टरांचं मंडळ, मोजतं ते त्या आजाराने शरीराचं कोणतं काम किती थांबलं ते. पेन्शन, सवलत, आयकरातली वजावट, सगळं या दुसऱ्या गोष्टीवर चालतं. काचबिंदू झाला म्हणून टक्के मिळत नाहीत. काचबिंदूने नजर किती गेली त्याचे मिळतात. डोळ्यात थेंब घालून नजर शाबूत असेल, तर निदान कितीही भीतीदायक वाटलं तरी बोर्डाच्या लेखी ते शून्य.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. अस्थिव्यंग, अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, मतिमंदत्व, मानसिक आजार हे लोकांना माहीत असतात. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्नायू झिजण्याचा आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातल्या जखमा हेही त्यात आहेत, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची कितीतरी मुलं आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

यादीत नाहीत तेही सांगतो, कारण फेऱ्या तिथेच वाया जातात : मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, किडनी निकामी होणं, कर्करोग. हे लहान आजार आहेत असं कुणी म्हणत नाही. पण त्यांच्या नावावर दिव्यांग प्रमाणपत्र निघत नाही. त्यांच्या परिणामावर निघू शकतं. साखरेने पाय कापावा लागला तर अस्थिव्यंग, साखरेने पडदा खराब होऊन नजर गेली तर दृष्टीदोष. म्हणून स्वतःला पहिला प्रश्न "मला काय झालंय" असा विचारू नका. "कालपर्यंत मी करत होतो ते आता कोणतं काम होत नाही" असा विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून काढा. पुढे तेच उपयोगी पडतं.

पायरी २ : पैसे कशावर मिळतात ते बघा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी किमान ४० टक्के हवेत, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये आहेत, त्याआधी १,५०० होते. ४० टक्के असो की ९०, रक्कम तीच. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतनाला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं. त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये, वरचे राज्य घालतं.

म्हणजे पेन्शनपुरतं बोलायचं तर ४५ चे ६० झाले तरी खात्यावर एक रुपया जास्त येत नाही. मला हे आधी कळलं असतं तर टपरीवरचा आनंद टपरीवरच संपला असता.

मग टक्के कुठे कामाला येतात? दोन उंबरठे लक्षात ठेवा, ४० आणि ८०. चाळीसच्या खाली असाल, म्हणजे प्रमाणपत्र ३० किंवा ३५ चं असेल, आणि नवं काही निघालं असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्याच. उंबरठा ओलांडला तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. ८० च्या आसपास असाल तरीही विचार करा. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०यू खाली ४० टक्क्यांना ७५,००० ची वजावट आहे आणि ८० टक्क्यांना १,२५,००० ची. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही, त्यामुळे कर भरणाऱ्याने आधी आपण कोणत्या पद्धतीत आहोत ते पाहावं. २०२४ च्या नियमबदलानंतर यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे केंद्राच्या दिव्यांग ओळखपत्राचे, रंगही याच उंबरठ्यांवर ठरलेत : ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. माझं आधी पिवळं होतं, आजही पिवळंच आहे.

आता कळवण्याचं. निराधारचे पैसे टक्केवारी आणि उत्पन्नावर मिळतात. आजारांच्या यादीशी त्यांचा संबंध नाही. म्हणून नुसतं निदान झालं की तहसीलला पळायचं कारण नाही, आणि न पळाल्याने तुम्ही काही लपवलं असंही होत नाही. तहसीलला कळवायच्या गोष्टी वेगळ्या : प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा नवं प्रमाणपत्र आलं, उत्पन्न वाढलं, नोकरी लागली, पत्ता किंवा बँक खातं बदललं. शिवाय दरवर्षीचा हयातीचा दाखला. नव्या आजाराच्या गडबडीत, दवाखान्यात भरती असताना, हा दाखला राहून जातो आणि पैसे अडकतात. माणसाला वाटतं आजाराचं कुणीतरी सांगितलं म्हणून बंद झाले. कारण असतं साधं, दाखला गेलेला नसतो. घरातल्या कुणाला तरी हे काम आजच सांगून ठेवा.

एक अपवाद आहे. निराधार योजनेत दिव्यांगांबरोबर काही दुर्धर आजारांचे रुग्णही बसतात : कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, एड्स, कुष्ठरोग असे. तुम्हाला दिव्यांग म्हणून पैसे चालू असतील तर या दुसऱ्या गटातून दुसऱ्यांदा मिळत नाहीत. पण घरात दुसरं कुणी पात्र असेल तर त्याचा वेगळा अर्ज होऊ शकतो. आणि हेही ध्यानात घ्या : एचआयव्हीसारखी गोष्ट, तिचा आधार घेऊन तुम्ही अर्ज करत नसाल, तर खिडकीवर सांगण्याची गरज नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती गोपनीय ठरवली आहे.

पायरी ३ : जुनं प्रमाणपत्र पेटीतून काढा आणि वाचा

खरंच वाचा. आपण सगळे त्यावरचा टक्क्यांचा आकडा तेवढा बघतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत परत ठेवतो. त्यावर या गोष्टी शोधा :

– कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर कोणत्या तारखेपर्यंत वैध.
– कोणता प्रकार लिहिलाय, एकच की बहुविध.
– स्थिती वाढत जाणारी आहे की नाही, सुधारण्याची शक्यता आहे की नाही, आणि पुन्हा तपासणी आवश्यक आहे की नाही.
– निदानाच्या जागी काय लिहिलंय.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल आणि मुदत सहा महिन्यांवर आली असेल, तर वेगळी फेरतपासणी मागू नका. नूतनीकरणाच्या वेळीच नवं निदान पुढे ठेवा, एका दगडात दोन पक्षी. "पुन्हा तपासणी आवश्यक नाही" असं लिहिलेलं कायमस्वरूपी प्रमाणपत्र असेल तर मात्र जरा थांबा. झेरॉक्सवाल्याचं म्हणणं इथे लागू पडतं. फेरतपासणीला गेलात की बोर्ड फक्त नवा भाग बघेल असं नाही, जुन्या भागाचंही मोजमाप होऊ शकतं. मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ साली बदलली, मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुधारली. वीस वर्षांपूर्वी अंदाजाने दिलेले ५० टक्के आज गोनियोमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून मोजले तर ४२ निघू शकतात, ३८ सुद्धा. ४५ वर उभा असलेला माणूस ३८ वर आला तर काय होतं ते सांगायला नको.

म्हणून कुणाला "जा" किंवा "जाऊ नका" असं मी सरसकट सांगत नाही. ज्याचं जुनं व्यंग उघड आणि भक्कम आहे त्याने बिनधास्त जावं. ज्याचे टक्के उंबरठ्याला चिकटून आहेत त्याने आधी एखाद्या ओळखीच्या अस्थिरोगतज्ज्ञाला, कानाच्या किंवा डोळ्याच्या डॉक्टरांना विचारावं, की आजच्या नियमाने माझं किती भरेल?

पायरी ४ : बेरीज स्वतः करून बघा

दोन व्यंगांचे टक्के सरळ मिळवत नाहीत. सूत्र असं : मोठा आकडा अ, लहान आकडा ब. नव्वदमधून अ वजा करा, त्याला ब ने गुणा, नव्वदने भागा, आणि येईल ते अ मध्ये मिळवा.

माझं उदाहरण घ्या. पायाचे ४५. एका डोळ्याची नजर जवळपास गेली आणि दुसरा डोळा चांगला असेल तर ३० धरतात. ९० वजा ४५ म्हणजे ४५. त्याला ३० ने गुणलं, १,३५०. नव्वदने भागलं, १५. पंचेचाळीस अधिक पंधरा, ६०. टपरीवरचे ७५ असे हवेत विरले.

आणखी एक. समजा कुणाचे ६० आहेत आणि नवं व्यंग एकट्याने ४५ टक्क्यांचं आहे. सरळ बेरीज १०५ होते, जी शक्यच नाही. सूत्राने : ३० गुणिले ४५ म्हणजे १,३५०, भागिले ९०, पुन्हा १५. एकूण ७५. ऐंशी नाही. या माणसाने निळ्या कार्डाच्या आशेने फेऱ्या माराव्यात का, ते त्याने ठरवावं, पण हा आकडा माहीत असताना ठरवावं.

मग मी तरी का गेलो? कारण काचबिंदू वाढणारा आजार आहे. डावा डोळा आज ठीक आहे. उद्या तोही गेला तर उजवा डोळा कधी आणि किती गेला याचा सरकारी कागद माझ्याकडे असावा, एवढंच. ज्यांचा आजार वाढत जाणारा आहे, पार्किन्सन, स्नायू झिजणं, मल्टिपल स्क्लेरोसिस, त्यांच्यासाठी हे कारण पुरेसं आहे असं माझं मत.

पायरी ५ : घाई नको, उशीर नको

उपचार चालू असताना बोर्ड मोजत नाही. पक्षाघात झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कागद घेऊन गेलात तर परत पाठवतील, कारण हातापायात अजून ताकद येऊ शकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येत असेल तर "आधी करून या" म्हणतील. हाड मोडलं असेल तर जुळू द्यावं लागतं. जे सुधारणार होतं ते सुधारून झालं, आता उरलं ते उरलं, अशी वेळ आली की जायचं. ही वेळ कधी येईल ते तुमचे उपचार करणारे डॉक्टर सांगू शकतात, त्यांना थेट विचारा.

मधल्या काळात उपचाराच्या पैशांसाठी वेगळी खिडकी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला भेटा. कर्करोग, डायलिसिस, थॅलेसेमिया वगैरेंच्या रुग्णांना उपचारासाठी रेल्वे प्रवासात सवलत असते आणि तिचा दिव्यांग कार्डाशी संबंध नाही, रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र लागतं. ग्रामपंचायत आणि नगरपालिका दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवतात, त्यातून औषधोपचाराला मदत देतात का, ते ग्रामसेवकाला विचारून बघा. कामावर असाल आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जात असेल, तर ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के विस्तारित आजारपण लाभ आहे. त्यासाठी विम्यातल्या नोकरीची किमान मुदत पूर्ण झालेली हवी. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर २०१६ च्या कायद्याचं कलम २० वाचा : त्या कारणाने नोकरीतून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही.

पायरी ६ : डॉक्टरांकडून कागद कसा घ्यायचा

माझ्या पहिल्या फेरीला मी जो कागद नेला त्यावर एवढंच होतं : "उजव्या डोळ्याला काचबिंदू, थेंब चालू." बोर्डातल्या डॉक्टरांनी तो उलटा करून मागची बाजूही बघितली, की आणखी काही आहे का. नव्हतं. "काका, फील्ड कुठाय?" मला वाटलं शेताबद्दल विचारतायत. फील्ड म्हणजे नजरेच्या पट्ट्याची तपासणी. तपासणी झाली होती, रिपोर्ट घरी गादीखाली होता. गेली फेरी.

चांगल्या कागदावर निदान असतं, ते कधीपासून आहे ते असतं, आतापर्यंतचे उपचार असतात, आता सुधारणेची शक्यता आहे की नाही हे असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय होत नाही ते मोजून लिहिलेलं असतं. डोळ्याला चष्म्यासकट नजर आणि फील्डचा रिपोर्ट. कानाला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. रक्ताच्या आजाराला तपासणीचे रिपोर्ट आणि रक्त किती वेळा चढवावं लागलं त्याची नोंद. मेंदू-मज्जातंतूंच्या आजाराला एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्टचं पत्र. प्रत्येक डिस्चार्ज कार्ड जपा.

मानसिक आजाराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे माणसं गप्प राहतात. पाय गेलाय हे सांगायला कुणी लाजत नाही, पण त्या पायानंतर आलेलं नैराश्य कागदावर नको असतं. मोजमाप आजाराच्या नावावरून इथेही होत नाही. बघतात ते असं : स्वतःची काळजी घेता येते का, माणसांशी जमवून घेता येतं का, बोलणं-समजणं कसं आहे, काम होतं का, शिवाय आजार किती काळचा आहे. त्यामुळे घरच्या माणसाने बरोबर जाणं फार गरजेचं. रुग्ण डॉक्टरांसमोर नीट केस विंचरून बसतो आणि "बरं आहे" म्हणतो. तो आठ-आठ दिवस अंघोळ करत नाही हे बायकोला माहीत असतं, आईला माहीत असतं. त्यांनी बोललं पाहिजे.

पायरी ७ : अर्ज आणि बोर्ड

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर. यूडीआयडी आधीच असेल तर नवीन नोंदणी अजिबात करू नका, आधार तेच असल्याने अर्ज अडकतो. जुन्या क्रमांकाने लॉगिन करून नूतनीकरणाच्या मार्गाने जा. तुमचं प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं किंवा राज्याच्या जुन्या एसएडीएम प्रणालीतलं असेल आणि यूडीआयडी अजून काढलाच नसेल, तर मात्र नव्याने अर्ज करावा लागतो. तेव्हा जुनं प्रमाणपत्र जोडा. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. पोर्टलवर मोबाइल कुणाचा आहे ते आधी तपासा. माझ्या अर्जात पूर्वी फॉर्म भरून देणाऱ्या पोराचा नंबर होता, सगळे ओटीपी त्याच्याकडे जायचे आणि तो पुण्याला गेला होता.

मग सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, किंवा तुमच्या अर्जावर लिहिलेल्या रुग्णालयात. जाण्याआधी एवढं एकच विचारा : कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो? हाडाचे बुधवारी, डोळ्याचे शुक्रवारी, असं आमच्याकडे होतं, आणि बहुविध प्रमाणपत्राला दोघांची तपासणी लागते. मी बुधवारी दोन्ही होईल म्हणून गेलो. सकाळी सातची एसटी, दहाला टोकन, दीड वाजता खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "डोळ्याचं परवा." हे दारावर लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं; नव्हतं.

बोर्डासमोर नाटक करू नका. त्यांनी हजारो पाय बघितलेत. पण उलटी चूक जास्त होते : आपण आयुष्यभर "जमतं मला" म्हणायला शिकलेलो असतो, तिथेही तेच म्हणतो. जिना चढता येतो का? "येतो." कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून येतो, हे सांगा. चांगल्या दिवशी काय होतं आणि वाईट दिवशी काय होतं, दोन्ही सांगा. काठी, कॅलिपर, श्रवणयंत्र रोज वापरत असाल तर घेऊन जा.

एजंट भेटतील. "साठचे ऐंशी करून देतो" म्हणतील. अशा प्रमाणपत्राची पडताळणी झाली तर प्रमाणपत्र तुमच्या नावाचं असतं, एजंटच्या नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दिव्यांगांचा लाभ फसवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

२०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रमाणपत्राला तीन महिन्यांपर्यंतचा वेळ लागू शकतो. पोर्टलवर स्थिती दिसते. आणि तुमच्याकडून अर्ज नुसता पडून राहू देऊ नका : दोन वर्षांत निकाली निघाला नाही तर तो रद्द समजला जातो, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पायरी ८ : आता तहसीलला कळवा

नवं प्रमाणपत्र आलं की कळवायचं, टक्के वाढलेले असोत, तेच असोत की कमी झालेले. तोंडी नाही, लेखी. माझा अर्ज असा होता, हवा तर उतरवून घ्या :

प्रति,
मा. तहसीलदार (संजय गांधी योजना शाखा),
तहसील कार्यालय ........

विषय : दिव्यांग प्रमाणपत्रातील बदलाबाबत.

महोदय,
मी वरील योजनेचा लाभार्थी असून माझा लाभार्थी क्रमांक ........ आहे. माझे पूर्वीचे प्रमाणपत्र ४५ टक्के (अस्थिव्यंग) असे होते. फेरतपासणीनंतर दिनांक ........ रोजी मला ६० टक्के (बहुविध) असे नवीन प्रमाणपत्र मिळाले आहे. त्याची व यूडीआयडी कार्डाची छायांकित प्रत जोडत आहे. कृपया माझ्या नस्तीत नोंद घ्यावी व या अर्जाची पोच द्यावी, ही विनंती.

यात आजाराचं नाव नाही, मुद्दाम नाही. प्रमाणपत्रावर आहे तेवढं पुरे. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्या. शाखेत गर्दी असली आणि "ठेवून जा" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. गावच्या तलाठी भाऊसाहेबांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, एक झेरॉक्स देऊन ठेवली तर उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी पुन्हा सांगत बसावं लागत नाही. एसटी, रेल्वे, बँक, आयकर, जिथे जिथे जुनी प्रत दिलीय तिथे नवी द्या. या सगळ्यांना आपोआप कळत नाही.

टक्के कमी आले तर

त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलाची मुदत आणि कुणाकडे करायचं ते प्रमाणपत्र किंवा नकार हातात पडला त्याच दिवशी रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात लिहून घ्या. नकार असेल तर कारण लेखी मागा. अपिलात "अन्याय झाला" एवढंच लिहून भागत नाही. कोणता रिपोर्ट बघितला गेला नाही, कोणतं मोजमाप राहिलं, ते लिहा. माझ्या शेजारच्या मावशींचं असंच झालं. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम फाईलमध्ये होता, धरला गेला एकाच कानाचा. दुसऱ्या कानाचा कागद वर लावून पुन्हा गेल्या, दुरुस्त झालं.

आणि प्रकृती सुधारली तर? गुडघा बदलून चालणं सोपं झालं, कॉक्लियर इम्प्लांट बसलं, असं होतं. तात्पुरत्या प्रमाणपत्रात ते नूतनीकरणाला कळतंच. कायमस्वरूपी प्रमाणपत्र असेल आणि फरक मोठा असेल, तर स्वतःहून फेरतपासणी मागितलेली बरी. पडताळणीत निघालं की मागचे पैसे वसूल करण्याची भाषा सुरू होते, आणि तेव्हा आपली बाजू ऐकायला कुणाला फुरसत नसते.

माझ्या अर्जाचं म्हणाल तर शाखेतल्या मुलाने नस्ती काढली, पंचेचाळीस खोडून साठ लिहिलं, सही केली आणि म्हणाला, "काका, रक्कम तीच राहील हं." मी म्हणालो, माहितीये. शिक्का मारलेली प्रत आता फील्डच्या रिपोर्टबरोबर एकाच पिशवीत आहे. गादीखाली नाही, कपाटात.